‘कुत्रा चावला तर १० दिवस थांबा’: अर्धवट निरोपाबद्दल खुलासा

‘घरचा कुत्रा चावला तर १० दिवस वाट बघा, तो धडधाकट राहिला तर इंजेक्शन नको, तोवर जखमेत मिरचीपूड भरा,’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतोय. १० दिवसांचा नियम खरा, पण अर्धाच सांगितलाय. रेबीजची लस लगेच, त्याच दिवशी सुरू करायची. कुत्र्यावर नजर ठेवायची ती पुढचे डोस थांबवता येतील का, हे डॉक्टरांना ठरवता यावं म्हणून. मिरचीपूड हा तर निव्वळ आचरटपणा. वाहत्या नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. रेबीजच्या विषाणूचं मेदाचं वेष्टन साबणाने फुटतं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विचारून घ्या. आणि पोटातली १४ इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली, आता दंडावर टोचतात. मांजर चावलं तरी हेच.