तळणाचं पुण्य पिझ्झ्याच्या खात्यात

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग ऑफिसातल्या मैत्रिणीकडून आणि शेवटी रत्नागिरीच्या मावशीकडून. मावशीने खाली स्वतःची ओळ जोडली होती : "अगो, तुझ्याकडे ते यंत्र आहे ना? ह्यात तथ्य किती?"

मेसेज असा : "बाहेरच्या पिझ्झ्याला कायमचा रामराम! एअर फ्रायरमध्ये करा व्हेज पिझ्झा. तेलाचा थेंब नाही, चरबी ८० टक्के कमी. फक्त ५ मिनिटांत तयार. भाज्या कच्च्याच टाका, सगळी जीवनसत्त्वं शाबूत. गव्हाचा बेस घेतला की शंभर टक्के पौष्टिक. चव हुबेहूब हॉटेलची. वीज नावापुरती. मुलांना रोज बिनधास्त द्या!"

मावशीला फोनवर उत्तर द्यायला लागले आणि ते लांबत गेलं, म्हणून लिहूनच काढते. एअर फ्रायरशी, म्हणजे गरम हवेच्या झोतात पदार्थ भाजणाऱ्या त्या यंत्राशी, माझं वैर नाही. तीन वर्षं ओट्यावर आहे आणि महिन्यातून दोनदा तरी त्यात पिझ्झा होतो. पण तो या मेसेजप्रमाणे केला, तर तळाशी ओला आणि वरून करपलेला होतो. हे मी करून बघितलेलं आहे.

"तेलाचा थेंब नाही, चरबी ८० टक्के कमी." सगळ्यात जास्त लोक भुलतात ते याला. हा आकडा आला कुठून ते बघा. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर आणला, तेव्हा त्याची तुलना होती कढईभर तेलात तळलेल्या बटाट्याच्या फ्राइजशी. फ्राइज तेलात बुडतात आणि तेल पितात. तेच काप चमचाभर तेल चोळून गरम हवेत भाजले तर चरबी कमी होणारच. त्यात खोटं काही नाही. पण पिझ्झा कधी तळला होता आपण? इटलीतल्या नेपल्सला ‘पित्सा फ्रित्ता’ नावाचा खरोखरचा तळलेला पिझ्झा मिळतो, त्याच्यापुरता हा हिशेब चालेल. बाकी पिझ्झा भट्टीत, ओव्हनमध्ये नाहीतर आपल्या तव्यावर भाजलाच जातो. भाजलेल्या पदार्थातलं तळणाचं तेल वाचवलं म्हणणं म्हणजे न काढलेल्या कर्जाचं व्याज वाचवल्यासारखं आहे.

पिझ्झ्यातली चरबी असते चीजमध्ये. १०० ग्रॅम मोझरेलात साधारण २० ते २५ ग्रॅम. आठ इंची पिझ्झ्यावर हात आखडून घातलं तरी ६० ग्रॅम चीज जातं, म्हणजे १२ ते १५ ग्रॅम चरबी. तीन चहाचे चमचे तेल म्हणा. हवा गरम आहे म्हणून ती उडून जात नाही. चीज कमी घातलं तर चरबी कमी, मग यंत्र कुठलंही असो.

आणि तेलाचा थेंबही नको हा हट्ट चवीच्याही मुळावर येतो. आतला पंखा जोरात फिरतो, पदार्थ भराभर सुकवतो. कोरडा बेस तसाच ठेवला की कडा खारीसारख्या होतात, चावताना टाळू सोलते. मी कडांना आणि भाज्यांना मिळून एक चमचा तेल लावते. एक चमचा. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

"फक्त ५ मिनिटांत तयार." चीज वितळायला ५ मिनिटं पुरतात हे खरं. पण पिझ्झा म्हणजे काही नुसतं वितळलेलं चीज नव्हे. भाज्या चिरणं १० ते १५ मिनिटं, यंत्र आधी तापवणं ३ मिनिटं, बेस शेकणं, मग भाजणं. आणि मेसेजवाले एक गोष्ट सोयीस्कर विसरतात, ती म्हणजे बास्केटचा आकार. घरोघरी असतो तो चार-साडेचार लिटरचा, त्याची जाळी जेमतेम वीतभर. एका वेळी एकच पिझ्झा. आम्ही घरात चौघं. पहिला पिझ्झा धाकटा खातो, दुसरा थोरली, तिसऱ्यापर्यंत धाकटा परत ताटली घेऊन उभा, आणि करणारी ओट्याशी उभ्या-उभ्या कडा चघळत असते. चौघांचं उरकायला पाऊण तास धरा. एकट्या माणसाला किंवा दोघांना हे यंत्र छान आहे. आठ पाहुण्यांसमोर मात्र पंचाईत होते.

आता भाज्या. "कच्च्याच टाका" हा सल्ला ज्याने दिला त्याने एकदा तरी तसा पिझ्झा उचलून त्याची खालची बाजू बघावी.

एअर फ्रायर म्हणजे छोटा ओव्हन. कॉइल वर, तिच्यालगत पंखा, गरम हवा वरून खाली फिरते आणि जाळीच्या भोकांतून पदार्थाच्या खालीही जाते. फ्राइजना हे झकास जमतं, कारण त्यांच्यात फटी असतात. पिझ्झ्याचा बेस मात्र जाळीवर झाकणासारखा बसतो, आणि बास्केटच्या मापाचा असला तर हवेची वाटच बंद. वर १८० अंशांचा झोत, खाली कोंदट वाफ. त्यात टोमॅटोत ९४ टक्के पाणी, ढोबळी मिरचीत आणि मशरूममध्ये ९२च्या आसपास, कांद्यात थोडं कमी. चीज चार-पाच मिनिटांत वितळून वर पापुद्रा धरतं, भाजीतल्या पाण्याला वर जायला जागा उरत नाही, ते खाली बेसमध्ये मुरतं. तुकडा उचलला की टोक गळून पडतं आणि सगळं टॉपिंग ताटलीत. आमच्याकडे अशा पिझ्झ्याला ‘भिजका’ म्हणतात.

इलाज साधा आहे. ढोबळी मिरची आणि कांदा अर्धा चमचा तेल चोळून आधी एकटेच एअर फ्रायरमध्ये घालायचे, १८० अंशांवर ४ मिनिटं, मीठ न घालता. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. मशरूम कोरड्या कढईत चुरचुर आवाज थांबेपर्यंत परतायचे. टोमॅटोचा आतला रसाळ गर आणि बिया काढून फक्त सालीलगतचा घट्ट भाग वापरायचा. मक्याचे दाणे उकडून कोरडे करायचे. आणि बेस जाळीपेक्षा दोन सेंटिमीटर लहान ठेवायचा, म्हणजे कडेने हवा खाली उतरते. बाजारचा आठ इंची बेस माझ्या बास्केटमध्ये अगदी चपखल बसतो, आणि नेमका तोच वाईट होतो.

खालून हवी असलेली आच देतो आपला जुना बिडाचा तवा. थालीपीठ तव्यावर का लावतात? कारण खालून धग हवी. तोच न्याय इथे. घरी लाटलेली पोळी आधी एका बाजूने अर्धवट शेकायची, उलटायची, आता खालची बाजू नीट तपकिरी डाग पडेपर्यंत शेकायची, आणि तवा बंद करून त्यावरच सॉस, भाज्या, चीज घालायचं. मग उचलून एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर ५ ते ६ मिनिटं. खालचं काम तव्याचं, वरचं यंत्राचं. मी ओव्हन विकून टाकला तो याच जोडीच्या जोरावर.

जीवनसत्त्वांबद्दल थोडक्यात. "सगळी शाबूत" हे चूक, आणि त्याला उत्तर म्हणून फिरणारं "सगळी नष्ट" हेही चूक. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि पाण्यात विरघळतं. भाजण्यात पाणी फेकलं जात नाही, म्हणून उकडून पाणी ओतून टाकण्यापेक्षा नुकसान कमी. पण खरा प्रश्न भाजी किती, हा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेल्या ताटात मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. आठ इंची पिझ्झ्यावर कोंबून कोंबून ७०-८० ग्रॅम बसतात, त्याहून जास्त घातल्या की पुन्हा भिजका. नावात ‘व्हेज’ असल्याने तो भाजीच्या जागी बसत नाही. सोबत काकडीची कोशिंबीर करा, प्रश्न मिटला.

"गव्हाचा बेस म्हणजे शंभर टक्के पौष्टिक." पाकीट उलटं करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. पहिलं नाव मैद्याचं आणि कणीक दुसरी-तिसरी, असे ‘गव्हाचे’ बेस मी स्वतः दुकानात हातात घेतले आहेत. तांबूस रंगावर जाऊ नका, तो कॅरामलचाही असू शकतो. सुट्या मिळणाऱ्या बेसवर तर काहीच लिहिलेलं नसतं. आणि गंमत म्हणजे मैदाही गव्हाचाच असतो, त्यामुळे ‘गव्हाचा’ म्हणणारा दुकानदार खोटं बोलतो असंही म्हणता येत नाही.

कणकेचा बेस घरी उत्तम होतो, फक्त मैद्याच्या रेसिपीत मैद्याऐवजी कणीक घालून भागत नाही. चक्कीच्या दगडाखाली पिठातला स्टार्च जास्त मोडतो, शिवाय कोंडा असतो, म्हणून कणीक पाणी जास्त पिते. १५० ग्रॅम मैद्याला मी ९५ मिलिलिटर पाणी घालते, तेवढ्याच कणकेला ११० लागतं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला चिकटणारं हवं. पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, थोडं मीठ, दोन तास झाकून. पीठ ताणून धरणारे ग्लुटेनचे धागे कोंडा तोडतो, त्यामुळे हा बेस मैद्याच्या बेसइतका फुगणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. मैद्यासारख्या फुगलेल्या कडा हव्यात आणि कणीकही शंभर टक्के हवी, हे दोन्ही एकदम जमत नाही. मी अर्धं-अर्धं घेते आणि तसं सांगते.

"चव हुबेहूब हॉटेलची." नेपल्सच्या लाकडी भट्टीत ४३० ते ४८० अंश तापमान असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची युनेस्कोने २०१७ साली वारसा म्हणून नोंद केली. आपलं यंत्र बहुतेक वेळा २०० अंशांवर थांबतं. त्या धगीचे काळे ठिपके आणि आतला ओला मऊपणा इथे येणार नाही. आपण करतो तो वेगळा पदार्थ आहे आणि चांगला आहे. हॉटेलशी बरोबरी कशाला? माझी थोरली तर हॉटेलातल्यापेक्षा तव्यावरचाच मागते, कारण त्यात मी सॉसमध्ये लसणाची चटणी घालते.

चव बिघडवणारं अजून एक कारण चीज. सँडविचच्या स्लाइस टाकून तार सुटत नाही म्हणून यंत्राला दोष देऊ नका. प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेले क्षार ते एकसारखं मऊ वितळवण्यासाठी असतात, तार काढण्यासाठी नव्हे. तार हवी तर मोझरेला. किसलेलं चीज भाज्यांच्या खाली थोडं आणि वर थोडं घाला. नुसतं वर घातलं आणि भाज्या सुट्या राहिल्या, की पंखा त्या उडवतो. ढोबळी मिरचीची पातळ पट्टी कॉइलला चिकटून जळते तेव्हा घरभर जो वास पसरतो, तो रात्री झोपेपर्यंत जात नाही.

याच पंख्याची आणखी एक गोष्ट. बास्केट घाण होऊ नये म्हणून मी एकदा बेकिंग पेपर आधीच आत ठेवून यंत्र तापायला लावलं. कागदावर वजन काहीच नव्हतं. तो उडाला, कॉइलला टेकला, आणि मी मागे वळून बघेपर्यंत एक कोपरा काळा होऊन धूर निघायला लागला होता. कागद ठेवायचा तर पिझ्झ्यासकट, आणि पिझ्झ्यापेक्षा मोठा नको.

"वीज नावापुरती." इथे मेसेज बराचसा खरा आहे. १५०० वॉटचं यंत्र अर्धा तास सलग ओढत राहिलं तरी पाऊण युनिट, आणि तापमान गाठल्यावर कॉइल मधूनमधून बंद होते, म्हणजे त्याहूनही कमी. मोठा ओव्हन एका पिझ्झ्यासाठी तापवण्यापेक्षा हे नक्की स्वस्त. चार पिझ्झे एकामागून एक केले की फरक आक्रसतो, एवढंच. पण मेसेजने सांगायला हवं होतं ते वेगळंच आहे. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. मोबाइल चार्जरचा लहान सॉकेट असतो ६ अँपिअरचा. जाडजूड पिनेला कन्व्हर्टर लावून, एक्स्टेन्शन बोर्डावर, शेजारी मिक्सर, असा थाट मी एका नातेवाइकांकडे पाहिला. प्लग हाताला चटका देत होता. फ्रिजचा किंवा गिझरचा असतो तसा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट घ्या.

राहिलं "मुलांना रोज बिनधास्त द्या." चीजमध्ये मीठ, बेसमध्ये मीठ, सॉसमध्ये मीठ, वर ओरेगानोच्या पुडीतही बहुधा मीठ. वरणभात सोडून रोज हे कशासाठी? पंधरा दिवसांतून एकदा करावा, मुलांकडून भाज्या चिरून घ्याव्यात, भांडणं सोडवावीत.

हे सगळं मावशीला पाठवलं. तासाभराने तिचा फोन. यंत्र तिच्या सुनेने ऑनलाइन मागवलंच होतं, म्हणून तेल, वीज, जीवनसत्त्वं यांवर एक अक्षर नाही. तिचा प्रश्न एकच : "तवा किती तापवू?"

म्हटलं, "घावन घालायला तापवतेस ना, तेवढाच."

"मग एवढं लिहिलंस कशाला?" म्हणाली आणि फोन ठेवला.