लाल बटणाचे एकवीस टक्के

‘वेबसाइटवरचं हिरवं बटण काढा, लाल लावा, विक्री 21 टक्क्यांनी वाढते.’ डिजिटल मार्केटिंगच्या क्लासमध्ये हे ऐकलं नाही असा माणूस विरळा. परवा घरगुती लोणची विकणाऱ्या मैत्रिणीने हेच फॉरवर्ड करून विचारलं, “करू का गं?” यातला आकडा खरा आहे. बाकीचं बघू.

विक्री हा शब्द मागाहून चिकटलेला. 2011 साली परफॉर्मेबल नावाच्या कंपनीच्या होमपेजवर झालेली ही चाचणी: काहींना हिरव्या बटणाचं पान दाखवायचं, काहींना लाल बटणाचं, आणि क्लिक मोजायचे. लाल बटणावर 21 टक्के जास्त लोकांनी क्लिक केलं, एवढंच. दुकानात डोकावणारा प्रत्येक जण पिशवी भरून निघत नाही.

लाल रंगाची जादू म्हणाल, तर त्या पानावर हिरवं आधीच जागोजागी होतं, म्हणून लाल उठून दिसलं असावं. मैत्रिणीचं पान मिरचीच्या रंगाने लालभडक. तिथे लाल बटण शोधावं लागेल. चाचणीवाल्यांनीही बजावलं होतं की स्वतः तपासल्याशिवाय रंग बदलत सुटू नका. ते वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

अशी चाचणी केलेलं कुणी म्हणतं, “पण आमच्याकडे दोन दिवसांत लाल जिंकलं!” इथे खरी गोम आहे. शंभरातले पाच जण क्लिक करत असतील, तर वीस टक्क्यांची वाढ, म्हणजे पाचाचे सहा, भरवशाने ओळखायला प्रत्येक पानावर आठेक हजार, दोन्ही मिळून सोळा हजार माणसं लागतात. मैत्रिणीकडे दिवसाला दीडशे येतात, म्हणजे झाले साडेतीन महिने. मी एकदा गंमत म्हणून दोन्हीकडे तेच पान ठेवलं, काना-मात्रेचाही फरक नाही. तरी तिसऱ्या दिवशी एक पान दणक्यात ‘जिंकत’ होतं! आठवड्याभरात आघाडी विरघळली. पुढे दिसताच चाचणी बंद करणारा अशाच क्षणी फसतो.

म्हणून टेस्टिंगच थोतांड, असं मात्र नाही. ओबामांच्या 2008 च्या निवडणूक प्रचाराच्या वेबसाइटवर चार बटणं आणि सहा फोटो-व्हिडिओ यांच्या 24 जोड्या तीन लाखांवर लोकांना दाखवल्या. टीमचा जीव व्हिडिओवर. पण सगळे व्हिडिओ सगळ्या फोटोंच्या मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि ‘साइन अप’ऐवजी ‘लर्न मोअर’ या जोडीने नोंदणी 8.26 वरून 11.6 टक्क्यांवर नेली. बटणावरचे शब्द बदलले होते, रंग नव्हे.

मैत्रिणीला कळवलं, बटण राहू दे. कुरियरचे ऐंशी रुपये लागतात हे गिऱ्हाइकाला पैसे भरताना कळतं, ते आधी बरणीच्या किमतीशेजारी लिही.