फ्रान्समधल्या शिपायाला घरचं पत्र मिळालंच नाही?

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांबद्दलचा एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. थोडक्यात असा: फ्रान्सला गेलेले आपले शिपाई अडाणी, म्हणून घराशी पत्रव्यवहार नव्हताच, घरून काही आलंच तर इंग्रज सेन्सॉर जाळून टाकी, आणि आज जी पत्रं दाखवतात ती साहेबाने प्रचारासाठी स्वतःच लिहिलेली. खाली तीन रडक्या इमोजी.

अडाणी होते, हे बहुतांशी खरं. १९११च्या जनगणनेत देशात शंभरात जेमतेम सहा साक्षर. पण अडाणी माणूस पत्र धाडत नाही असं ज्याला वाटतं, त्याने खेडं पाहिलेलं नाही. परवा-परवापर्यंत आपल्याकडे पोस्टमन ओसरीवर टेकून पत्र वाचून दाखवायचा आणि उत्तरही लिहून द्यायचा. तेव्हाही तसंच. इकडे गावातला मास्तर, तिकडे पलटणीतला लिहिता-वाचता सोबती. १९१५च्या मार्चच्या सुमारास फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं पाठवत होते. घरून जाणाऱ्या पत्रांत पीकपाणी, धान्याचे भाव, जमिनीचा दावा, कुणाचं लग्न ठरलं, पैसे का आले नाहीत.

निरक्षरतेने पत्र थांबलं नाही, पण त्याचा खासगीपणा गेला. नवऱ्याला काय कळवायचं ते बाईने परक्या माणसाला, बहुधा सासऱ्याच्या देखत सांगायचं. तिकडे ते चार जणांत मोठ्याने वाचलं जायचं. अशा पत्रात ‘तुमची आठवण येते’ कोण लिहिणार? ‘पोरगं आजारी आहे, लवकर या’ एवढंच यायचं. ते ‘लवकर या’ नीट ऐकावं लागतं.

आता सेन्सॉर. तो होता, आणि जाणारी-येणारी दोन्हीकडची टपाल बघत होता. मूळ धास्ती गदर चळवळीच्या, म्हणजे परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या मजकुराची. मुख्य कचेरी फ्रान्समधल्या बूलोन बंदरात, प्रमुख कॅप्टन एव्हलिन हॉवेल, हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीतला माणूस. हाताखाली मूठभर माणसं, म्हणजे प्रत्येक पत्र उघडणं अशक्यच. काही रोखली, काहींतल्या ओळी काळ्या केल्या, बहुतेक पुढे जाऊ दिली. कारण साधं: पत्र बंद झालं की पलटण बिथरते. शिवाय शिपायाच्या मनात काय चाललंय हे साहेबालाही त्यातूनच कळायचं.

‘साहेबाने लिहिली’ या आरोपात एक कण खरा आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आज आहेत ते मुख्यतः सेन्सॉरच्या अहवालांतले निवडक उतारे, तेही इंग्रजी अनुवादात. मूळ कागद ज्याचे त्याला गेले. म्हणजे निवड साहेबाची आणि भाषाही त्याचीच. हे मान्य करूनच ते वाचायला हवेत. पण रचलेले? ते अहवाल सरकारी वापराचे होते, वर्तमानपत्रासाठी नव्हते. त्यांत शिपाई भावाला बजावतो की भरती होऊ नकोस. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं कुणी लिहितो. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. फ्रेंच बायकांच्या गोष्टी तर इतक्या मोकळ्या की साहेबालाच काळजी पडलेली. असा प्रचार कोण करेल?

या मजकुराला जोडलेला फोटो ‘मराठा पलटणीचा’ म्हणून फिरतो, म्हणून एवढं सांगायला हवं. फ्रान्समध्ये १०७व्या पायोनियर्समध्ये, म्हणजे खंदक-रस्ते खणणाऱ्या पलटणीत, मराठे होते, पण मराठा पलटणी लढल्या त्या मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. त्यांतल्या तीन, १०३वी, ११०वी आणि ११७वी, ७ डिसेंबर १९१५पासून तिथल्या कुट-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती होईपर्यंत, जवळजवळ पाच महिने, बाहेरची वाट बंद. धान्य दळायला जात्याच्या तळ्यासुद्धा विमानातून टाकाव्या लागल्या. तिथे टपाल कुठून नेहमीसारखी पोचणार? त्यानंतर तुर्कांची कैद.

पत्रं न पोचल्याचंच दुःख पसरवायचं असेल, तर मजकुरात निदान पत्ता तरी दुरुस्त करा. फ्रान्स खोडा, कुट-अल-अमारा लिहा.