मुरू द्या, घाई कशाला?

नवा फ्लेवरवाला हर्बल चहा घेतलात? छान. आधी खोक्यावरचं चित्र डोळे भरून बघा. रसरशीत पीच, शेजारी रासबेरी, त्यांच्यावर दवाचे थेंब. पुन्हा त्यांची गाठ पडणार नाही. खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचायचा मोह मात्र टाळा. तिथे बहुतेक वेळा सफरचंदाचे तुकडे, जास्वंद, रोझहिप (म्हणजे रानगुलाबाचं फळ) अशी साधी मंडळी पुढे असतात आणि पीच अगदी शेवटी, 'फ्लेवर' या टोपणनावाने. चहाचं पान तर औषधालाही नसतं, म्हणून जाणकार याला 'टिसान' म्हणतात. तुम्हीही म्हणा. चव सुधारत नाही, पण कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

आता उकळतं पाणी ओता आणि बसा. ग्रीन टी जास्त वेळ ठेवला तर कडू होतो, त्यामुळे तो दोन-तीन मिनिटांत आपल्याला मोकळं करतो. इथे ती सुटका नाही. मुळं, साली आणि वाळकी फळं पाण्यात उतरायला १० मिनिटं सहज घेतात, १५ झाली तरी त्यांची तक्रार नसते. चहा करण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, मूळ १९८० सालचं. त्यात ६ मिनिटांत काम भागतं. पण ते बिचारे खऱ्या चहाबद्दल बोलत होते. मगावर बशी झाका. सुगंधी तेलं उडून जाऊ नयेत म्हणून झाकायचं, असं सांगतात. मला वाटतं, आपण सारखं डोकावू नये म्हणून.

बशी काढली की वास येईल. खुशाल भाळा, कारण सगळा खर्च त्या वासावरच झालेला असतो, जिभेच्या वाट्याला काही ठेवलेलं नसतं. म्हणून पहिला घोट घेताना नाक मगातच असू द्या. ते बाहेर आलं की जीभ एकटी पडते आणि आपण गरम, आंबट, लालभडक पाणी पितोय हे तिच्या लक्षात येतं. रंग जास्वंदीचा, लिंबू पिळलंत तर आणखी खुलेल. थोडं दूध घालून याला माणसात आणू, असा विचार मनात आला तर हातातला मग खाली ठेवा. आंबटपणाने दूध फाटतं, आणि मग जे तरंगतं त्याचं चित्र कोणी खोक्यावर छापत नाही.

ज्येष्ठमध असेल तर गोडी घोट गिळून झाल्यावर येते आणि जाता जात नाही. (रक्तदाब असेल तर ती रोज नको. हे चेष्टेत सांगत नाही.)

खोक्यावर 'प्रसन्न मन, शांत झोप' लिहिलंय ना? मग पी हळद आणि हो गोरी! मन प्रसन्न झालं नाही तर चूक तुमची, मिनिटं कमी पडली. कॅफिन नसल्यामुळे झोप उडत नाही, हे खरं. मगभर पाणी पिऊन झोपल्यावर रात्री दोनदा का उठावं लागलं, ते मात्र खोक्याला विचारू नका.

आता मत द्या. पाव तास वाट बघितल्यावर 'आवडला नाही' म्हणायची हिंमत कोणात असते? 'वेगळा आहे' म्हणा. हा शब्द अशाच वेळेसाठी राखून ठेवलेला असतो.

खोक्यात २० पुड्या होत्या. १९ उरल्या. पाहुणे मोजायला घ्या.