नॅन डब्यात का बसली?

मुलीला घरीच शिकवायचं ठरवल्यापासून भेटेल तो विचारतो, "मग ती चार मुलांत मिसळणार कशी?" मिसळते हो, नको तितकी मिसळते. खरा विचारायचा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: इंग्रजी वाचायला शिकवायला कुठला फोनिक्स प्रोग्रॅम घेतलात? फोनिक्स म्हणजे अक्षरांचे ध्वनी शिकायचे आणि ते जोडून शब्द वाचायचे. माझी झोप उडाली ती या प्रश्नापायी.

इंग्रजीत ध्वनी किती, इथूनच घोळ सुरू होतो. अक्षरं 26, यावर सगळ्यांचं एकमत. ध्वनी साधारण 44. पण जॉली फोनिक्स नावाचा प्रोग्रॅम 42 शिकवतो आणि स्पाल्डिंग पद्धतवाले थेट 70 फोनोग्रॅम, म्हणजे ध्वनी दाखवणारी अक्षरं आणि अक्षरगट, हातात ठेवतात. मग क्रम. ए-बी-सी-डी म्हणे गाण्यापुरतं; वाचायला सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एनपासून, कारण एवढ्या सहा अक्षरांत ढीगभर छोटे शब्द होतात. पटलं. पण जॉली फोनिक्समध्ये आय आधी आणि पी नंतर, तर इंग्लंडच्या सरकारनं 2007 साली काढलेल्या 'लेटर्स अँड साउंड्स'मध्ये पी आधी आणि आय नंतर. यावरून माझं नवऱ्याशी भांडण झालं. तो पीच्या बाजूचा निघाला.

नियमात न बसणाऱ्या शब्दांचंही तेच. बिचारा 'सेड' (said) एका प्रोग्रॅममध्ये 'ट्रिकी वर्ड' असतो, दुसऱ्यात 'रेड वर्ड', तिसऱ्यात 'हार्ट वर्ड'. गुन्हा तोच, कलमं वेगळी.

वाचन शिकवण्यावरचं संशोधन तपासणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं 2000 साली सांगून टाकलं की पद्धतशीर फोनिक्सचा मुलांना फायदा होतो. वाचून हायसं वाटलं. पुढे होतं की पद्धतशीर फोनिक्सच्या निरनिराळ्या प्रकारांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे दुसरं वाक्य कुठल्याच प्रोग्रॅमच्या जाहिरातीत दिसत नाही, आणि का दिसत नाही ते उघड आहे. शेवटी मी ज्यात सगळ्यात कमी कात्रीकाम होतं तो प्रोग्रॅम घेतला. बाकीच्यांत शेकडो चिठ्ठ्या कापा, लॅमिनेट करा, मागे चुंबक चिकटवा. मला मूल वाचतं करायचं होतं, छापखाना काढायचा नव्हता.

पहिल्याच धड्यात सक्त ताकीद: ध्वनी शुद्ध उच्चारा. 'ब' म्हणायचं नाही, 'ब्' म्हणायचं. नाहीतर मूल ब-अ‍ॅ-ट जोडताना 'बअ‍ॅट' म्हणतं आणि बॅट काही हाती लागत नाही. आता आपल्या अक्षराच्या पोटात 'अ' जन्मापासून बसलेला. तो काढायचा तर अक्षराचा पाय मोडावा लागतो. कागदावर ते सोपं असतं, तोंडानं करून बघा! ओठ मिटायचे, फुटायचे आणि 'अ' निसटायच्या आत थांबायचं. रात्री लेक झोपल्यावर मी सराव करत होते. ब्, ब्, प्, प्, मग स्स्स्. नवरा आतून ओरडला, "अगं, स्कूटरची हवा कोण सोडतंय बघ!"

लेकीला यातलं काहीच जड गेलं नाही. तिला जड गेलं कथानक. शिकलेल्या तेवढ्याच अक्षरांत बसणारी पुस्तकं द्यायची असतात, म्हणून मीच एक लिहिलं. पॅट सॅट. नॅन सॅट इन अ टिन. नॅप, नॅन, नॅप! सहा अक्षरांत यापेक्षा थोर साहित्य होत नाही. तिनं बोट फिरवत, ध्वनी जोडत अख्खं वाचलं. माझे डोळे भरून येणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "आई, नॅन डब्यात का बसली?"

"अगं, असंच."

"पॅटनं बसवलं?"

"नाही गं."

"मग झाकण कुणी लावलं?"

झाकण गोष्टीत नव्हतंच. झाकणाला लागणारी अक्षरं आम्ही अजून शिकलोच नव्हतो.

मग आणखी अक्षरं शिकून झाल्यावर मी निरर्थक शब्दांकडे वळले. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची फोनिक्सची चाचणी होते. तिच्या 40 शब्दांतले निम्मे मुद्दाम बिनअर्थाचे असतात, म्हणजे मूल पाठांतरावर किंवा अंदाजावर वेळ मारून नेऊ शकत नाही. शेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, हे त्याचं नाव समजायचं. कल्पना मला एकदम आवडली. मीही शब्द रचले, शेजारी माझ्या कुवतीप्रमाणे प्राणी काढले. 'ग्लिम्प' तिनं पहिल्या फटक्यात वाचला.

"म्हणजे काय?"

"काही नाही. या प्राण्याचं नाव."

तिनं चित्र निरखलं, मग मला निरखलं.

आता आंघोळीला जा म्हटलं, पसारा आवर म्हटलं, की ती दारात उभी राहून ओरडते, "आई, तू ना अगदी ग्लिम्प आहेस!" आणि शेवटचा 'प्' इतका शुद्ध येतो की रागवावं की टिकमार्क करावी तेच कळत नाही.