हिरवी फीत आणि रात्रपाळी

परवा १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. ऑफिसात हिरव्या फिती वाटल्या. कॅन्टीनबाहेर ‘बोलते व्हा’ असा फलक लागला, शेजारी सेल्फीची चौकट. संध्याकाळी कंपनीच्या पानावर फोटोच फोटो. दुसऱ्या रांगेत मीही आहे. नको म्हटलं असतं, तर का नको तेही सांगावं लागलं असतं.

मला बायपोलर आहे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा मानसिक आजार. इथं पहिल्यांदाच लिहितेय. औषधांसाठी, त्यातल्या लिथियमच्या रक्ततपासणीसाठी बांबोळीच्या मनोरुग्णालयात जाते. कदंबा बसमधून उतरताना कोणी ओळखीचं भेटलं, तर “जीएमसीत काम होतं” म्हणून मोकळी होते, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. दोन्ही बांबोळीलाच, तेवढी एक सोय आहे! आई अजून बजावते, “कोणाक सांगूं नाका.”

एचआरच्या मॅडमना माहीत आहे, रजेच्या अर्जामुळे. त्या म्हणाल्या, “तुझी गोष्ट लिही ना, खूप इन्स्पायरिंग होईल.” मी विचारलं, शेवट कसा हवा? त्या नुसत्याच हसल्या. त्यांना ‘आता मी पूर्ण बरी’ हवं असणार. माझ्याकडे आहेत रोजच्या गोळ्या, कप धरताना थरथरणारा हात आणि जूनमध्ये पाठवलेला एक ईमेल: मला रात्रपाळी देऊ नका. या आजारात झोप मोडली की उन्मादाला तेवढं निमित्त पुरतं. उत्तर आलं, “नियम सगळ्यांना सारखाच.”

मीही बोललेच होते की. फक्त हॅशटॅग लावला नव्हता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं, खाजगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. आपलं कुठे आहे, असं मी विचारलं. ताणमुक्तीच्या वेबिनारची लिंक आली. कॅनडात बेल कंपनीनं अशाच मोहिमेत कित्येक वर्षं एकेका हॅशटॅगमागे पाच सेंट तरी दिले. आमच्याकडे फीत मिळाली, तीही संध्याकाळी परत गोळा केली.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा व्हीलचेअरसाठी रॅम्प लागतो हे कोणाला पटवावं लागलं नाही. माझ्यासाठी रॅम्प म्हणजे काय? सकाळची पाळी, बहुतेक. पण ती फोटोत दिसत नाही.

पुढच्या आठवड्याचा रोस्टर काल लागला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार: रात्र.