निवांत

"या वर्षी आपण कुठेतरी निवांत जाऊन येऊ या," असं मी एका रात्री ओटा पुसता पुसता नवऱ्याला म्हटलं. आपण म्हणजे आम्ही चौघं. निवांत म्हणजे सकाळी आठला पुण्याहून निघायचं, घाट उतरून खोपोलीजवळच्या थीम पार्कमध्ये जायचं, मुलांनी पाळण्यात बसायचं, मी झाडाखाली बसायचं आणि अंधार पडायच्या आत परत. डबा करायचा नाही, कारण बाहेरचं खाणं आत नेऊच देत नाहीत. हा नियम वाचून मला जो आनंद झाला, तसा लग्नानंतर क्वचितच झाला असेल.

नवऱ्याने हे सहज म्हणून सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी सहज म्हणून नणंदेला फोन केला. नणंद म्हणाली, आमचीही मुलं घरीच आहेत. मग धाकटे दीर-जाऊ राहिले तर वाईट दिसेल. आणि नानाकाका एकटेच असतात, त्यांना कोण नेणार? साताऱ्याच्या आत्या तर बिचाऱ्या कुठे जातच नाहीत. (आत्या मागच्या वर्षी काशी, रामेश्वर आणि दुबई करून आल्या आहेत.) आठवड्याभरात चौघांचे सतरा झाले आणि आमच्या गाडीचा झाला टेम्पो ट्रॅव्हलर.

नवऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'निवांत ट्रिप' नावाचा ग्रुप काढला. तीन दिवसांत चारशेवर मेसेज आले. त्यातले पन्नासेक तारखेबद्दल होते, बाकीचे सुप्रभात. शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून मी मधला वार सुचवला. सोमवारी दिरांची मीटिंग. बुधवारी जावेच्या माहेरी साखरपुडा. गुरुवारी नानाकाकांचे दात. शुक्रवारी नणंदेच्या नवऱ्याची रात्रपाळी. यावर सासूबाई म्हणाल्या, "मंगळवार घ्या की. हा नको, पुढचा."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बारा वर्षांच्या संसारात आईंनी कुठलीही गोष्ट इतक्या पटकन ठरवलेली मी पाहिलेली नाही. साधा पडद्याचा रंग ठरवायला आम्हाला दोन दिवाळ्या लागल्या होत्या. पण मी खुशीत होते. मंगळवार म्हणजे पार्क रिकामं, रांगा छोट्या. मी तिकिटं काढून मोकळी झाले.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. मी त्यात दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख लिहिते, छापलेलं वाचायला जात नाही. तिकिटं काढल्यानंतर दोन दिवसांनी खाडा मांडायला गेले आणि त्या मंगळवारच्या चौकोनावर नजर गेली. अंगारकी संकष्ट चतुर्थी.

पार्क आहे खोपोली-पाली रस्त्यावर. खोपोलीजवळ महड, म्हणजे वरदविनायक. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पाली, म्हणजे बल्लाळेश्वर. मी नकाशावर पार्क बघितलं होतं, आईंनी त्याच्या दोन्ही बाजू बघितल्या होत्या.

"अगं, वाटेवरच तर आहे," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं हात जोडायचे. मुलांची ट्रिप ती मुलांची ट्रिपच."

आता सतरापैकी नऊ जणांचा उपवास. म्हणजे दोन स्वयंपाक. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा चिवडा, केळी. बिनउपवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि दशम्या. शिवाय चंद्रोदयानंतर उपवास सोडायला तळणीचे मोदक. "आत नेऊ देत नाहीत," असं मी तीनदा सांगितलं. "मग बाहेर खाऊ," असं मला तीनदा सांगण्यात आलं. ट्रिपच्या आदल्या रात्री मी एक वाजेपर्यंत कढईसमोर उभी होते आणि ग्रुपवर दिरांनी टाकलं होतं, 'उद्या फुल्ल निवांत!'

पहाटे साडेपाचला गाडी दारात आली. ड्रायव्हर तरुण, हसतमुख. "वहिनी, परत किती वाजता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "संध्याकाळी, निवांत." त्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बघितलं, मग डबे चढवणाऱ्या सासूबाईंकडे, आणि काही बोलला नाही.

घाटात दोन मुलांना आणि नणंदेच्या नवऱ्याला उलट्या झाल्या. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

महडला रांग तीन तासांची होती. पाच मिनिटं हात जोडायला तीन तास. मुलं भुकेली होती आणि पुऱ्या गाडीत होत्या. मग नानाकाकांनी मुलांचा ताबा घेतला. नानाकाका चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होते आणि निवृत्तीची बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. "इथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात," ते म्हणाले. "आणि जगातला तो पहिला मोठा फिरता पाळणा, फेरिस व्हील, शिकागोच्या प्रदर्शनात उभा राहिला तो १८९३ मध्ये. एका वर्षाचा फरक!" या माहितीचं काय करायचं ते कोणालाच कळेना. "जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने बांधला. दोनशे चौसष्ट फूट उंच. छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसं." माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आमचं अख्खं खटलं एका डब्यात बसलंय, त्रेचाळीस जागा रिकाम्या आहेत, आणि सासूबाई फोनवर त्या भरतायत.

पार्कच्या पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा बारा वाजले होते. तिथे उन्हात सतरंजी पसरून आम्ही जेवलो. इकडे उपवासाची पंगत, तिकडे बिनउपवासाची, मधे मी दोन्हीकडे वाढायला. खिचडीच्या चमच्याला चटणी लागली म्हणून आत्यांनी नवा चमचा मागितला. ड्रायव्हरने पान घेतलं, पोटभर जेवला, सीट मागे केली आणि झोपला.

आत गेल्यावर गंमत अशी झाली की पार्क खरंच रिकामं होतं. सगळी गर्दी बाप्पाकडे. मोठ्या रोलर कोस्टरला जेमतेम वीस मिनिटांची रांग. पण सतरा माणसांचा एक निर्णय व्हायला चाळीस मिनिटं लागतात. आधी लॉकर की आधी पाणी, आधी कोरडं की आधी ओलं. जावेच्या मुलाने महिनाभर दाराच्या चौकटीवर पेन्सिलने आपली उंची मांडली होती. इथे पट्टीखाली उभा राहिला तर दोन सेंटिमीटर कमी. त्याने केस वर केले, टाचा उचलल्या, मान ताणली. आत्या तिथल्या पोराला म्हणाल्या, "अरे, वाढत्या वयाचा आहे, रांग संपेपर्यंत होईल." तो पोरगा हसला, पण सोडलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

रांगेत नानाकाका होतेच. "या गाडीला इंजिन नसतं," ते सांगत होते. "साखळी पहिल्या चढावर ओढून नेते, पुढे सगळं गुरुत्वाकर्षण. म्हणून नंतरची कुठलीच टेकडी पहिलीपेक्षा उंच नसते. आणि ते वेटोळं गोल नाही, नीट बघा, थेंबासारखं आहे. पूर्ण गोल केलं तर खाली माणसाच्या मानेवर फार ताण येतो." मागचे अनोळखी कॉलेजकुमारही कान देऊन ऐकू लागले. नंबर आला तसे नानाकाका म्हणाले, "जा तुम्ही. मला तत्त्व माहीत आहे."

नवरा हिशेबात होता. तिकिटाची रक्कम भागिले पाळणे. तिसऱ्या पाळण्यानंतर त्याचा चेहरा पिवळा पडला, तरी तो म्हणाला, "अजून दोन केले की वसूल." मधेच दिरांनी माणसं मोजली तर अठरा भरली. एक मुलगा कोणाचा तरी आमच्यात येऊन आईस्क्रीम खात होता आणि आत्यांनी त्याचं तोंडही पुसून दिलं होतं. त्याची आई शोधण्यात अर्धा तास गेला.

मला झाड मिळालं. खरंच मिळालं. सतरा जणांच्या चपला, पर्स, चष्मे, दोन कवळ्या आणि बल्लाळेश्वरासाठी घेतलेला दूर्वांचा हार असं सगळं मांडीवर घेऊन मी त्याखाली बसले. अकरा मिनिटं. त्यात फोन सहा वेळा वाजला. सहाव्यांदा आई होत्या. "अगं, पाच वाजायला आले. पालीला रांग लागेल."

पालीला आधी मागचा धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर, असा दर्शनाचा क्रम आहे. म्हणजे रांगेलाही पोटरांग. मुलांनी आता तक्रार करणंसुद्धा सोडून दिलं होतं. बाहेर पडलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

पुढचा प्रश्न चंद्राचा. कालनिर्णयातली वेळ उलटली तरी चंद्र दिसेना. नऊ उपाशी माणसं खोपोलीजवळ रस्त्याच्या कडेला उतरून पूर्वेकडे बघत उभी. नानाकाकांनी हात वर केला. "पूर्वेला सह्याद्री आहे. आपण त्याच्या पायथ्याशी. चंद्र उगवलाय, डोंगराच्या मागे आहे. घाट चढल्याशिवाय दिसायचा नाही." दिवसभरातलं हे पहिलं वाक्य, जे ऐकून सगळे पळत जाऊन गाडीत बसले.

लोणावळ्याला दिसला. मोठा, तांबूस, एका बाजूने किंचित चेपलेला, साधारण माझ्यासारखा. आईंनी नैवेद्य दाखवला, डबा उघडला, सगळ्यांना मोदक दिले. ड्रायव्हरला दोन दिले. "वहिनी," तो तोंड पुसत म्हणाला, "आज लई दिवसांनी असा निवांत दिवस गेला. पाच तास झोपलो."

आईंनी त्याचा नंबर घेतला. मग पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे बघितलं.

"का गं," त्या म्हणाल्या, "लेण्याद्रीजवळ असलं एखादं पार्क आहे का? बघ ना मोबाइलवर. मुलांसाठी हो."